यानिनाचं पुस्तक

ताकुआरेम्बोच्या बसस्थानकात माझ्या एम्पानाडांच्या, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांच्या, गाडीला लागून विल्मारची पुस्तकांची टपरी होती. वाचलेलं पुस्तक परत आणायचं, वर दोन नाणी ठेवायची आणि दुसरं न्यायचं. आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत; तो तापला की अख्खं गाव समुद्राकडे पळायचं आणि विल्मारला मान वर करायला फुरसत नसायची.

माणूस खडूस. गिऱ्हाइकाला निवडू म्हणून द्यायचा नाही. "कुठवर चाललास? मग हे जाडजूड नको, डुलक्या काढशील," असं म्हणत स्वतःच एखादं हातात कोंबायचा. मला त्याचा राग यायचा, पण लोक त्याच्याकडेच यायचे. खोड मात्र सगळ्यांना एकच. बसमध्ये पुस्तक संपलं की शेजारच्याशी बदलायचं. विल्मारला त्याचं काही नव्हतं. त्याचा शिक्का असलेलं कुठलंही एक परत आलं म्हणजे झालं.

त्या वर्षी नील्दा शिवणवालीची यानिना आणि अनिबालची सिल्वाना, दोघी समुद्रावरच्या एका हॉटेलात मोसमापुरत्या कामाला निघाल्या. यानिना म्हणजे नील्दाचं एकुलतं एक लेकरू. विल्मारने तिला प्रेमकथा दिली, सिल्वानाला गोळीबाराची.

"अहो, मलाही मारामारीची द्या की," यानिना म्हणाली.

"तुझी आई मला मारेल. ही वाच गुमान. दुसरा भाग बाजूला ठेवतो, मार्चमध्ये आलीस की ने."

त्यांची बस पुलावरून खाली गेली आणि पेटली. एका मुलीचं प्रेत ओळखण्यापलीकडचं होतं. तिच्याच वयाची दुसरी जिवंत होती, पण चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला, घशात नळी आणि शुद्ध नाही. पोलीस कडा जळालेली दोन पुस्तकं घेऊन टपरीवर आला. प्रेमकथा जिवंत मुलीच्या कमरेला खोचलेली सापडली होती, गोळीबाराची मेलेलीच्या अंगाखाली.

नील्दा फळी धरून उभी होती, शेजारी अनिबाल. विल्मारने क्षणभरही विचार केला नाही.

"प्रेमकथा मी यानिनाला दिली. जिवंत आहे ती यानिना."

नील्दा त्याच्या गळ्यात पडून रडली. अनिबालने टोपी काढली आणि पोरीला पुरायच्या तयारीला गेला. बसमध्ये पुस्तकं बदलतात हे स्थानकातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. त्या दिवशी एकालाही आठवलं नाही.

नील्दा इस्पितळात राहायलाच गेली. पान जिथे दुमडलेलं होतं तिथून तिने ती प्रेमकथा वाचून दाखवायला घेतली. रोज थोडी, म्हणजे पुरेल. विल्मार रविवारी संत्री घेऊन जायचा, जणू पोर त्यानेच वाचवली होती. नळी काढली त्या रविवारी मीही होते. नील्दा वाचत होती. खाटेवरून घोगरा आवाज आला.

"काकू, शेवट नका ना सांगू. यानिनाने कालच संपवून मला दिली. म्हणाली, रडशील बघ." मग थोडा श्वास घेऊन, "ती कुठंय?"

मला तिथून पळून जावंसं वाटलं. नील्दाने पान दुमडलं.

"घरी आहे," ती म्हणाली. "तू झोप आता."

दाराशी विल्मार संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होता. त्याच्याकडे न बघता ती बाहेर गेली. कबरीवरचं नाव बदलावं लागलं. अनिबालला लेक परत मिळाली, पण नील्दा दिसली की तो रस्ता ओलांडून जायचा. विल्मारने टपरी उघडणं सोडलं. बंद फळीमागे नुसता बसून राहायचा. त्याला शिव्या घालायला मी दोनदा गेले आणि तोंड बघून परत आले.

मार्चमध्ये, मुलं समुद्रावरून परतायला लागली तेव्हा, नील्दाने त्याच्या फळीवर थाप मारली.

"तिचा दुसरा भाग ठेवलायस ना? दे."

त्याने काढून दिला. नील्दाने जळक्या कडांचं पुस्तक फळीवर ठेवलं आणि वर दोन नाणी. विल्मारने नाणी मागे सरकवली.

"नियम तुझाच आहे," ती म्हणाली. "घे."

मग समुद्राकडच्या बसगाड्या जिथे लागतात त्या बाकावर ती जाऊन बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, हळू आवाजात, शेजारी कोणी ऐकत असल्यासारखी.