मंदाच्या गळ्याची शपथ

फोन आला तेव्हा मी बेसाच्या चौकात, पानठेल्यावर, मंदाचीच गोष्ट चौपट फुगवून सांगत होतो. तिच्या औषधानं उंदीर मांजरांच्या मागं लागले, इथवर आलो होतो. पलीकडून तिचे यजमान प्रकाशराव म्हणाले, "मंदा गेली, रमेशभाऊ. सकाळी. हार्ट." मी फोन धरून उभा... आणि ऐकणारे विचारून राहिले, मग मांजरांचं काय झालं? महिना होत आला, माझी वाचा अजून धड परतली नाही.

मंदा पारशिवनीची, माझ्याच वर्गातली. नागपूरच्या प्रयोगशाळेत ती अद्रकाचा रस यंत्रात गरगरा फिरवायची आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारे कण काढायची. आतडं सुजलेल्या उंदरांना ते पाजायचे; सूज उतरते का, अंगातल्या राखणदार पेशी उगाच चवताळायच्या थांबतात का, ते पाहायचं. माणसांवर अजून काहीच सिद्ध नाही, असं ती मला शंभरदा बजावायची. मी एकशे एकाव्यांदा पानठेल्यावर कुणाचा तरी संधिवात बरा करून टाकायचो.

अद्रक मात्र तिला माझ्याच वावरातलं लागे. जमीन बदलली की कणांचा गुणही बदलू शकतो, म्हणायची. एका वर्षी रानडुकरांच्या पलटणीनं (खरं म्हणजे चारच होती) सगळं पीक उकरलं. मी जरीपटक्याच्या बाजारातून पोतं उचललं, वरून वावरातली माती चोळली आणि नेऊन दिलं. तिनं एक गाठ मोडून हुंगली.

"वावरातलंच होय ना गा?"

"तुह्या गळ्याची शपथ वं."

ती हसली. पोतं आत घेतलं.

आयुष्यात हजार थापा मारल्या, पण फोन आल्यापासून ही एकच गळ्यात अडकलेली. शपथेनं माणूस मरत नाही, हे मलाही कळतं. तरी शेवटी परवा प्रकाशरावांकडे गेलो आणि सगळं ओकलो. त्यांनी तिच्या टेबलावरून कच्च्या नोंदींची वही आणली, चष्मा नव्हता म्हणून माझ्याच हातात दिली. त्या वर्षीचं पान सापडायला वेळ लागला. तिचं बारीक, तिरकं अक्षर...

"काय लिहिलं आहे?" त्यांनी विचारलं.

मी वाचलं, "बाजारचा माल. प्रयोगात घेऊ नये. रमेशले बोलू नये, शपथ घेऊन बसला बिचारा."

जसं होतं तसं वाचलं. पदरचा एक शब्द घातला नाही.