आत्या, मेन वाढव!

माझ्या आत्याच्या फ्रिजचं दार लाटण्याने उघडावं लागायचं. हाताने उघडलं की तो करंट मारायचा. आमच्याकडे भाकऱ्याच होत असल्यामुळे लाटणं तसंही रिकामंच असायचं, ते फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेलं असे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आत्या राहते रोह्याच्या बाहेर, मी पेणला. तिच्या सुनीताची सुपारी ठरली आणि फ्रिजचा प्रश्न एकदम गंभीर झाला. दुसऱ्या दिवशी गडब गावचे पाहुणे येणार होते. एखाद्या व्याह्याने गार पाण्यासाठी फ्रिजला हात लावला आणि तिथेच नाचायला लागला तर सोयरीक राहील का? आत्याचा फोन आला.

"तू सेफ्टीत हायेस ना रे? मग ये नि बघ. माझ्या पोरीचं लगीन त्या फ्रिजपायी मोडायला नको."

आता मी सेफ्टीत आहे हे खरं. डोलवीच्या बाजूला एका कंत्राटदाराकडे मी सुरक्षेच्या सूचनांचे बोर्ड लावतो. 'मेन बंद करूनच काम करा.' 'तपासल्याशिवाय वायरला हात लावू नका.' बोर्ड सरळ लागला पाहिजे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा असते. पण आत्याने मला लहानाचा मोठा केलाय आणि तिच्या लेखी मी इंजिनियरच. तिचा गैरसमज दूर करणं माझ्या जिवावर आलं. बायको म्हणाली, "अहो, वायरमनला बोलवा ना." मी नुसता हसलो. (तो हसण्याचा फोटो कुणी काढायला हवा होता. पुढे हार घालायला उपयोगी पडला असता.)

रोह्याला पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. अंगणात भास्कर मांडववाला शिडीवर होता. मीटरशेजारच्या सॉकेटमध्ये त्याने उघड्या वायरी काड्यापेटीच्या काड्यांनी ठोकून बसवल्या होत्या आणि तिथून मांडवाला हॅलोजन जोडत होता. मी त्याला या विषयावर छोटंसं भाषण दिलं. त्याने ते शांतपणे ऐकलं आणि आणखी एक काडी ठोकली.

फ्रिजचं दुखणं मला लगेच सापडलं. प्लगची वरची जाड पीन गायब!

"मीच कापली," आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, झोपाळ्यावरून म्हणाले. "सॉकेट दोन भोकांचा. आनि करंटला दोनच लागतात, तिसरी कशाला फुकट?"

मी त्यांना अर्थिंग समजावून सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का?" आणि झोपाळ्याला झोका दिला.

मी पेणहून नवा प्लग आणि तीन भोकांचा सॉकेट घेऊनच गेलो होतो. नियमाप्रमाणे आत्याला ओटीवर मेन स्विचपाशी उभं केलं आणि स्वयंपाकघरातून ओरडलो, "आत्या, मेन बंद कर!"

"शुभ बोल रे नाऱ्या! उद्या पोरीची सुपारी फुटायची नि घरात बंद-बिंद काय बोलतोस?"

"मग काय बोलू?"

"वाढव बोल. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात, बांगडी वाढवतात. तसं मेन वाढव!"

(सुपारी मात्र फुटलेली चालते. का, ते विचारायची सोय नाही.)

"बरं बाई, मेन वाढव!"

"वाढवलं!"

पद्धत झकास चालली. प्लग आणि सॉकेट बसवला, "आत्या, चालू कर" म्हटलं, मेन चालू झालं. मी ऐटीत फ्रिजला बोट लावलं आणि ऐटीतच मागे घेतलं. करंट होताच! सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर तरी आहे का, हे मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पुन्हा उघडणं आलं. फ्रिजचा प्लग काढला आणि ओटीकडे तोंड करून हाक दिली, "मेन वाढव!"

मधल्या वेळात काय झालं होतं ते मला कुठे ठाऊक? दूध उतू जाईल म्हणून आत्या मागच्या चुलीकडे गेली होती. जाताना भास्करला सांगून गेली होती, "जरा हितं ऱ्हा. माझा भाचा आतून बोलेल तसं कर."

भास्कर आज्ञाधारक माणूस. त्याने आणखी एक हॅलोजन लावला.

"वाढवलं, दादा!"

"नक्की वाढवलं ना?"

"व्हय! आनि वाढवू का?"

मला वाटलं, आत्याने त्याला 'वाढव'चा अर्थ सांगितलाय आणि आता हा थट्टा करतोय. "नको नको, एवढं पुरे!"

टेस्टर माझ्या खिशात होता. अगदी वरच्या खिशात, पेनासारखा लावलेला. मी सॉकेट उघडला, आत बोट घातलं, आणि एकदम अख्ख्या रोह्याची वीज माझ्या कोपरापर्यंत आली! पायात रबरी चपला होत्या म्हणून वाचलो. मागे फेकला गेलो तो थेट परातीत. परातीत उद्याच्या बिरड्यासाठी सुनीताने सकाळपासून सोललेले वाल होते.

"वाढलं का, दादा?" ओटीवरून काळजीचा आवाज आला.

माझी किंकाळी ऐकून आत्या दुधाचं भांडं टाकून धावत आली. परातीतला मी, भिंतीतून लोंबणारा सॉकेट आणि मांडवातला लखलखाट, हे सगळं तिने एका नजरेत पाहिलं. आणि अमंगळ शब्दाला आयुष्यभर जपणारी माझी आत्या आळीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "बंद कर! बंद कर, मुडद्या! पयलं मेन बंद कर!"

मग माझ्याजवळ बसली. माझी बोटं एकेक करून दाबून पाहिली, पाठीत दोन धपाटे घातले आणि रडायला लागली. "माझ्या एका शब्दापायी जात होतास रे..." माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चूक तिच्या शब्दाची नव्हती, खिशातल्या टेस्टरची होती, हे मी तिला सांगितलं. तिने टेस्टर काढून घेतला आणि आतोबांना दिला.

संध्याकाळच्या आत रोह्याचा लायसनवाला वायरमन आला. त्याने अर्थिंग ओढलं, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला, भास्करच्या काड्या काढून त्याच्या हातात दिल्या. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, गार पाणी प्याले, बिरडं तर मागून मागून खाल्लं. (वाल स्वच्छ धुतले होते. तरी कुणी कुणाला काही बोललं नाही.) सुनीताची सुपारी फुटली.

आत्याच्या घरात अजूनही नारळ वाढतो, दुकान वाढतं, बांगडी वाढते. बंद हा शब्द तिथे एकाच प्रसंगी ऐकू येतो. मी फाटकाशी गाडी लावली की आत्या अंगणातून ओटीवर ओरडते, "भाचा आला गो सुनीता, मेन बंद कर!"