पालीचे डोहाळे

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि त्यात पहिलं नाव माझं घेतलं तरी मला राग नाही. पण माझ्या व्याह्यांसारखा माणूस देवानं एकच घडवला आणि नेमका माझ्या लेकीचा सासरा करून इंदुरीला ठेवला. गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली म्हणून मटण-मासळी सोडली इथवर ठीक, ते पुष्कळ जण सोडतात. यांनी ढेकूण मारणंसुद्धा सोडलं. बाज उन्हात टाकायची आणि ढेकणांनी आपापल्या पायांनी जावं म्हणून तिच्याशेजारी बसून राहायचं. पुढच्या दाराच्या चौकटीत गांधीलमाशांनी घर केलं, तर सगळ्या घराला पावसाळाभर मागच्या दारानं जा-ये करायला लावली. माझ्या शेवंताच्या लग्नात वरात मांडवाच्या तोंडाशी आली आणि हे दोन्ही हात आडवे करून उभे. वाजंत्री थांबली. मानपानात काही राहिलं की काय, म्हणून मी पुढं धावलो. जवळ जाऊन विचारलं, तर म्हणाले, "पाव्हणं, मुंग्या अंडी घिऊन निघाल्यात. त्यांचाबी काय तरी मुहूर्त आसंल." इकडे आमचा मुहूर्त टळत होता, भटजी ओरडून घसा बसवून घेत होते, आणि नवऱ्या मुलाचा बाप वाकून शेवटची मुंगी कधी जाते ते बघत होता.

तर अशा घरात माझी लेक. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमचा रिवाज. सातवा सरत आला होता, आणि आठव्यात बाईला गाडीत बसवू नये म्हणतात. मी रेल्वेत घाटातल्या रूळ-दुरुस्तीच्या गँगला होतो. रजा टाकली, लोणावळ्याला गाडी धरली, तळेगावला उतरून इंदुरीपर्यंत चालत गेलो. एका हातात लेकीसाठी चिक्कीचा पुडा, दुसऱ्या हातात भाकरीचं गाठोडं. गाठोडं माझं मलाच. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या सासरी अन्न घ्यायचं नाही, असा आमच्यात जुना नेम आहे. आताची पोरं हसतात. हसोत. मी पाळला.

ओट्यावर विहीणबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या. आत एक उपाशी हायेच, तुमी दुसरं."

आत बघतो तर व्याही फुटक्या रांजणाच्या बुडख्याशी बसलेले. गाल आत गेलेले. रांजणात पाल. भिंतीवरची नव्हे, रानातली. वीतभर लांब, पिवळट अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके, आणि माणसासारखी पापणी मिटून बघणारी. तिची फुंकर लागली तर माणूस काळानिळा पडतो, असं आमच्याकडे म्हणतात. खरंखोटं मला ठाऊक नव्हतं, पण माझी पोटुशी लेक त्याच घरात वावरत होती. मी दोन पावलं मागं सरलो.

झालं होतं असं. बांधाचा दगड हलवायला व्याह्यांनी पहार घातली. दगडाखाली ही होती. शेपूट तुटून बाजूला पडली आणि एकटीच वळवळत राहिली. ती शांत होईस्तोवर व्याही बांधावर बसून बघत राहिले. मग मुंडासं सोडलं, पाल त्यात घातली आणि घरी आणली. शपथ घेतली, की शेपूट फुटेस्तोवर ही माझ्या घरी, आणि ही खात नाही तोवर मीही खाणार नाही.

आणि ती काही खाईना. दूधभात ठेवला, पाय देऊन गेली. मऊ खिचडी झाली, ताक झालं, दाण्याचं कूट झालं. माझ्या पुड्यातली चिक्कीसुद्धा त्यांनी पाण्यात भिजवून मऊ करून पुढं केली. "बाई, दोन घास घ्या," म्हणून आर्जवं चालली होती. बाईंनी जीभ काढून स्वतःचा डोळा चाटला आणि तोंड फिरवलं.

"सून पोटुशी, अन् सासरा पालीचं डोहाळं पुरवतुया," विहीणबाई बाहेरून म्हणाल्या.

मी म्हटलं, "व्याही, पाल किडे खाते."

"ठाव हाय मला."

"मग द्या की."

"माळ घालून किडं धरू? एकीला जगवाया धा जीव घिऊ?"

"माझ्या गळ्यात माळ नाही. मी धरून आणतो."

"माज्या दारात न्हाई. आन् पाव्हणं, तिचंबी सुटंल हळूहळू. मी न्हाई का सोडलं? मलाबी पयल्यांदा वरणभात गिळवत नव्हता."

या माणसाला खरोखरच वाटत होतं, की आपण माळकरी झालो तशी पालही होईल, नुसता दम धरायला हवा. दम धरण्याइतकं अंगात दोघांच्याही काही उरलं नव्हतं. पालीच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. शेवंताला बाजूला घेतलं आणि म्हटलं, गाठोडं बांध. तिनं मान हलवली. "दादा, मामा जेवल्याबिगर मी उंबरा वलांडनार न्हाई." लेक माझीच, दुसरं काय बोलणार?

रात्र काढली. दुसऱ्या दिवशी माझी भाकरी संपली. विहीणबाईंनी ताट पुढं केलं, मी हात जोडले. त्यांनी ते ताट आदळून ठेवलं. "घरात चूल पेटती, अन् तिघं उपाशी. एक पालीपायी, एक माळंपायी, अन् एक मानापायी."

दुपारी व्याही पाण्याची कळशी घेऊन आत येताना झोकांडले. मी धावत जाऊन धरलं. वाळल्या पेंढीएवढं वजन. कळशी कुठं गेली, पाणी कुठं गेलं, मला कळलं नाही. एवढंच मनात आलं, की या घरात पाळणा हलायच्या आत तिरडी उठते की काय. पालीचं भय तिथंच गेलं. मी रांजणाशी उकिडवा बसलो आणि तिला म्हणालो, "बाई, खा की गं काहीतरी."

दिवेलागणीला शेवंता कंदील घेऊन आली. काच पुसली. रोज तो ओट्यावर खुंटीला टांगलेला असायचा. आज तिनं तो खाली जमिनीवर ठेवला, आणि मला खुणेनं रांजण बाहेर आणून आडवा करायला लावला.

व्याह्यांनी विचारलं, "खाली का ठिवलास?"

"हात वर जात न्हाई मामा आता."

"खाली ठिवला तर पाखरं येत्याल."

"रोजच येत्यात."

"ती खाईल."

"तिचं ती बघंल."

"आन् पाप?"

शेवंता काडेपेटी उघडत म्हणाली, "दिवा मी लावतीया. लागलं तर मला लागंल."

व्याही तिच्या पोटाकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढं केला. "काडेपेटी हिकडं दे." माळ बंडीच्या आत सारली, वरचं बटण लावलं, आणि कंदील लावला. "लागायचं आसंल तर म्हाताऱ्याला लागूंदी. लेकराला नगं."

आधी बारकी पाखरं आली, मग एक जाडजूड रातकिडा. बाई रांजणातून निघाल्या, चारी पायांवर उंच झाल्या, शेपटाचं थोटूक हललं. व्याह्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"झालं का?"

"झालं," मी म्हटलं.

"अजून येक खाती का बघा."

विहीणबाईंनी ताट आणून ठेवलं. व्याही भिंतीकडे तोंड करूनच जेवले. उपाशी उरलो मी एकटाच, पण त्या रात्री मला झोप लागली.

सकाळी लेकीला घेऊन निघालो. नातू झाला. त्याला पोहोचवायला इंदुरीला गेलो तेव्हा त्या घरात पहिल्यांदा जेवलो, आणि विहीणबाईंनी मागचं सगळं उट्टं पुरणपोळीवर काढलं. तोवर पालीला शेपूट फुटली होती, आखूड, जाड, मुळ्यासारखी. व्याह्यांनी तिला पुन्हा मुंडाशात घातलं. मीही बरोबर गेलो. बांधावर सोडली तरी ती लगेच जाईना, पापणी मिटत बसली. "जा बाई," व्याही म्हणाले. "आता तुज्या मनाचं खा."

पुढं गावात वीज आली, ओट्यावर बल्ब लागला. तरी दिवेलागणीला व्याही माळ बंडीत सारून कंदील लावायचे आणि खालीच ठेवायचे. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणायचे, "सुनंचा हात वर जात न्हाई." सून तेव्हा परसात डोक्यावर दोन हंडे घेऊन चाललेली असायची.

व्याही गेले. कंदील आता शेवंता लावते, खालीच ठेवते. मी गेलो की त्या ओट्यावर पाय वर घेऊन बसतो. अंधारातून कुणी दिव्यापाशी यायला निघालंच, तर वाट मोकळी असावी.