दारात पुरलेला कापूस

साहेब, चोरी तुम्ही केलीत आणि हात बरबटले कौसल्याबाईचे. तुमचं नाव लिहीत नाही. वाचलंत की कळेल.

कौसल्याबाई तुमच्या बाळंतपणाच्या वॉर्डातली आया. सकाळपाळी उरकून घरी येते, चटईवर आडवी होते. डोळा पुरता लागलेला नसतो. शेजारी माझ्या घरातल्या रेडिओचा आवाज लांब लांब जातो आणि उशाशी अनुसया बसलेली असते. अनुसयाला जाऊन नऊ वर्षं झाली. खडी फोडणारी बाई, पहिलटकरीण. तुमच्याच वॉर्डात लेक झाली आणि तिसऱ्या दिवशी तापानं गेली.

"दमलीस मावशी? पाय चेपू का?"

कौसल्याबाई पाय पोटाशी घेते. "नको गं. मेल्यावर तरी निवांत बस."

"बसायला जागा नको का?"

चटईखाली खडी टोचायला लागते. खाणीवरची अनुसयाची पत्र्याची खोली, तिचा उंबरठा. अनुसया हातानं माती उकरतेय. बाळामागून पडलेली बाळंतिणीची वार हळदकुंकू लावून दारात पुरायची, ही त्यांची रीत. सासूनं इथंच पुरली होती. मातीतून पिवळं फडकं निघतं. कौसल्याबाई तोंड फिरवते.

"बघ की इकडं. काय बांधलंस यात?"

"कापूस."

"नुसता?"

"वरून तुझंच रक्त लावलं. सासूबाईंनी सोडून बघू नये म्हणून."

आठवतंय का साहेब? म्हातारी वार मागत दाराशी उभी होती आणि तुम्ही म्हणालात, "तिला काहीतरी बांधून दे, पेटीला उशीर होतोय." संमतीच्या कागदावर अनुसयाचा अंगठाही कौसल्याबाईनंच घेतला होता. कळा चालू असताना, औषधाची सही आहे म्हणून. वार, नाळ सगळं बर्फाच्या पेटीतून तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गेलं.

अनुसया फडकं झटकते आणि दोघी तिसऱ्या मजल्यावर उभ्या आहेत. टाक्यांतून पांढरी वाफ सांडतेय. काचेच्या बशीत काहीतरी ओलसर वाढतंय.

"हे काय गं?"

"मूळ पेशी म्हणतात. तुझ्या लेकीच्या नाळेतल्या. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार."

"मग लेकी किती झाल्या माझ्या?"

"लेक एकच. चौथीत आहे. ह्या नुसत्या पेशी."

"ह्यातनं अख्खं माणूस तर नाही ना करत कुणी?"

 कौसल्याबाईला खरंच माहीत नाही. इतकी वर्षं पेट्या वर पोचवल्या, पण विचारलं कधीच नाही.

"कशाला ठेवल्यात म्हणायच्या?"

"लोकांचे डोळे, गुडघे बरे होतील म्हणतात."

अनुसया बशीकडं बघत राहते. "मग चांगलंच आहे की. मागितलं असतंस तर दिलं असतं मी. एवढी कशी गं दरिद्री समजलीस मला?"

कौसल्याबाईची मान खाली जाते ती वर येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

अनुसया टाकीत हात घालते, बोटाएवढी कुपी काढून तिच्या तळहातावर ठेवते. "धर. आता तूच पूर."

कौसल्याबाई दचकून उठते. भर एप्रिलची दुपार, अंगाला घामाच्या धारा. उजव्या तळहातावर बोटाएवढा पांढरा फोड, बर्फानं भाजावं तसा. मी पाहिलाय तो, बोट लावून.

अनुसयाच्या सासूला खरं सांगायला जाते म्हणते ती. चप्पल घालते, परत काढते. म्हातारी पहिलं काय विचारील ते तिला ठाऊक आहे, आणि त्याचं उत्तर तिच्याकडे नाही. तुमच्याकडे आहे. साहेब, त्या लेकराच्या नाळेचं वरती नेमकं काय काय केलंत, आणि तिच्या आईला विचारायला तुमची जीभ का उचलली नाही? लेखी उत्तर द्या. मराठीत द्या, म्हातारीला वाचून दाखवायचंय.