पिशवीत धान घेऊन मिलिंग मशीन आणायला

जुनी मिलिंग मशीन घ्यायला कोणी निघणार असेल तर आधी एक सांगते. ती काय काम करते, ते नीट विचारून घ्या. मी नाही विचारलं.

आमच्या गोंदियाकडे मिलिंग म्हटलं की धानच. धानाचे ट्रक मिलिंगला जातात, मिलिंग झालेला तांदूळ परत येतो, दुसरं काही मिलिंग होतं हे माझ्या बापानंही ऐकलं नसेल. माझी नात मनीषा नागपूरच्या कारखान्यात मशीन चालवते. चार महिने मागं लागली होती, "आजी, घरीच मिलिंग मशीन टाकतो. पडवी देशीन का?" पडवी माझी. मी म्हटलं देतो. मनात हिशेब असा की घरचं धान घरी भरडू, शेजारणी रांग लावतील आणि मी बाजेवर बसून त्यांना ओरडीन. धानाचं तणस काढून पडवी झाडूनही ठेवली. पोरीची सुट्टी रविवारपर्यंत होती. मशीन बसून चालली तर नोकरी सोडणार, नाहीतर सोमवारच्या पहिल्या गाडीनं परत नागपूर, असं तिनं सांगून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी सातला आमच्या गावाहून, कामठ्याहून निघालो. पिकअप गोंदियाच्या राजूची. तो हिंदीत बोलतो, मी माझ्या बोलीत, भांडण दोघांनाही समजतं.

"अम्मा, थैली में क्या है?"

"धान. पायलीभर."

"मशीन लेने जा रहे कि धान बोने?"

"चालवून पाह्यल्याबिगर मी बैल बी नाई घेत."

मनीषा मागं सामानाजवळ बसली होती, तिनं ऐकलं नाही. ऐकलं असतं तर माझी अब्रू गोंदियातच वाचली असती. तिथं पोहे-तर्री खाऊन घ्या. पुढं तिरोड्याला पोहोचलं की मशीनवाले नुसत्या चहावर बोळवतात.

तिरोड्यात पटलेभाऊंचं वर्कशॉप. म्हातारा माणूस, हात थकले म्हणून विकत होता. मशीन हिरवी, माझ्यापेक्षा उंच, वजन टनभर. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"भाऊ, इचं तोंड कोनीकडं आहे?"

"कायचं तोंड?"

"धान टाकाचं." आणि मी पिशवी मशीनच्या टेबलावर ठेवली.

पटलेभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आजी, हे लोखंड कापते. धान टाकसान तं धान बी जाईल अन् मशीन बी."

राजू दारात उकिडवा बसून हसत राहिला. मनीषा म्हणाली, "चार महिने तुले हेच वाटून राहिलं होतं?"

"तू काऊन नाई सांगतलं?"

"मिलिंग मंतलं ना मी!"

त्यात तिची चूक नव्हती, हेच जास्त झोंबलं. तेवढ्यात पटलेभाऊ म्हणाले, दोन वाजता भंडाऱ्याचं गिऱ्हाईक येतंय. मनीषा माझ्याकडे वळली. "पडवी देत नसशीन तं आताच सांग, आजी. मी त्याईले घेऊ देतो."

"पयले तू पाह्यून तं घे," मी म्हटलं. मला थोडा वेळ हवा होता, तोंड लपवायला.

तिनं बाह्या सारल्या. टेबल सरकवायचा दांडा इकडून तिकडे फिरवला, टेबल ज्या पट्टीवर सरकतं ती बोटानं चाचपली. "भाऊ, हे मधात घासली आहे. कडेले घट्ट होते." तोपर्यंत पटलेभाऊ राजूलाच भाव सांगत होते. त्यानंतर राजूकडे त्यांनी पाहिलंच नाही, सगळं तिलाच समजावून सांगू लागले. मला लोखंडातलं काही कळत नाही. पण धानाच्या रोवणीला नवी बाई आली की पहिल्या पेंढीतच मला कळतं, हिच्या हाताला वळण आहे की नाही.

"घे," मी म्हटलं. "पडवी तुयी."

उचलायला हायड्रा क्रेन लागते, तिचे दीड हजार वेगळे धरा. राजू क्रेनचा पट्टा टेबलाखालून घालत होता. मनीषानं त्याला बाजूला केलं, टेबल खाली उतरवलं, पट्टा वरच्या जाड दांड्याखालून घेतला. परतीला राजू बैलगाडीच्या चालीनं आला. "अम्मा, पीछे देखते रहना."

"पाह्यतो. पडली तं मी काय झेलनार आहो?"

घरी शेजारणी गाठोडी घेऊन उभ्या. निमंत्रण मीच दिलेलं.

"काय वो माय, कधी चालू करशीन?" सुमननं विचारलं.

"हे धान नाई भरडत. लोखंड कापते."

"मंग आता लोखंडाचा भात रांधशीन?"

गावात क्रेन नसेल तर पिकअपची पाठ उंच ओट्याला लावा, मशीनखाली लोखंडी पाइप सारा आणि ढकला. आमची मशीन उंबरठ्याला अडली. उंबरठा माझ्या सासूनं बसवलेला. मी म्हटलं, काढा. सासूनं मला काय कमी अडवलं होतं.

रविवारी वायरमननं थ्री फेज वीज जोडली. ती आधी बघून ठेवा, नाहीतर टनभराचा खुंटा घरात. संध्याकाळी मनीषानं लोखंडाचा तुकडा लावला. मशीन कुरकुरली, मग सरळ चालली. तुकड्याला आरशासारखी बाजू निघाली.

या प्रवासातून मला कंबरदुखी मिळाली आणि गल्लीत नवं नाव, लोखंडभरडी. सोमवारी सकाळी नागपूरची गाडी हॉर्न वाजवून निघून गेली. मनीषानं कारखान्यात फोन करून "येत नाही" सांगितलं, चहा प्यायली आणि पडवीत येऊन म्हणाली, "आजी, बाजूले सर. लोखंडाचा बुरादा डोळ्यात जाईल."

माझ्याच पडवीत, मलाच.

मी सरले.