फोनपेक्षा कार्ड बरं

नर्सरीत किस्से रिकाम्या काळ्या पिशव्यांसारखे साठतात. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण कोपऱ्यात पाहावं तर ढीग!

आमची नर्सरी जालना रोडला, करमाडच्या अलीकडं. फाल्गुन लागला की सिडकोपासून शेंद्र्यापर्यंतची माणसं रविवारी इथं येतात. पिटुनिया, जरबेरा, मोगरा, बोगनवेल. लोकांना वाटतं, फुलांत काम म्हणजे मजाच. मजा आहेच. पण माझ्याकडं साठलेले बहुतेक किस्से भीतीचे आहेत. गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. "जगेल ना?" असं विचारतं.

एक बँकेतले साहेब तर गॅरंटीच मागत होते. मातीचं सगळं काम पाहणारे आमचे रहीमचाचा हात झटकत म्हणाले, "साब, आपकी किसने दी?"

साहेबांनी गुपचूप दोन गुलाब घेतले.

*

गारांना मात्र आम्ही सगळेच भितो. एका दुपारी आभाळ काळं झालं. शेडनेट फाटलेलं, पिटुनिया ऐन फुलात. मालकीण शोभाकाकू मागच्या घरात पळाल्या आणि कपाटातल्या होत्या तेवढ्या साड्या घेऊन आल्या. आम्ही वाफ्यांवर साड्या अंथरल्या, कडेला विटा ठेवल्या आणि आभाळाकडं बघत उभे राहिलो. चार थेंब पडले आणि ऊन आलं.

तेवढ्यात रस्त्यावर एक कार थांबली. बाई उतरल्या, साड्यांच्या रांगेपुढून फिरल्या आणि मला म्हणाल्या, "ही अबोली साडी कितीला?"

माझ्या तोंडून शब्द निघेना. त्यांना वाटलं, किंमत जास्त असणार. म्हणाल्या, "बरं, थोडं कमी करा."

मागून काकू आल्या. "ती माझ्या डोहाळजेवणाची आहे. विकायचं ते तिच्याखाली आहे."

*

शब्द निघेना म्हणालो, ते खरंच तसं आहे. अनोळखी माणूस समोर आला की माझा घसा बंद होतो. शाळेत उभं राहून धडा वाचायला लागायचा, तेव्हापासूनचं हे. नववीत शाळा सुटली, घसा तसाच राहिला. म्हणून मी नर्सरीत मागं असतो. रोपं भरतो, पाणी देतो.

हे माहीत असूनही काकूंनी एकदा मला फोनवर बसवलं. ज्यांनी सांगून ठेवलेली रोपं आली, त्यांना कळवायचं. मी नंबर लावायचो. पलीकडून "हॅलो" आलं की घसा बंद. समोरच्यानं आपणच ओळखावं म्हणून थोडा वेळ थांबायचो, मग फोन ठेवायचो. थोड्या वेळानं पुन्हा लावायचो.

त्या आठवड्यात एक शिक्षिकाबाई खत न्यायला आल्या. चेहरा उतरलेला. काकूंना सांगत होत्या की, कोणीतरी रोज फोन करतं, बोलत काहीच नाही, नुसता श्वास घेतं. एकटीला घरात बसवत नाही, भावाला सोबतीला बोलावून घेतलंय.

मी शेणखताचं पोतं त्यांच्या गाडीत चढवत होतो. पोतं जड होतं, दम लागला होता. बाई बोलता बोलता थांबल्या आणि हळूच वळल्या.

"अगदी असा," त्या म्हणाल्या.

*

काकूंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला तो कायमचाच. म्हणाल्या, कार्ड लिही.

ते मला येतं. पळसाची फुलं, बोगनवेलीच्या पाकळ्या जुन्या जाड पुस्तकात दाबून वाळवायच्या. बटाटा कापून त्याचा शिक्का करायचा. पोस्टकार्डावर कडेनं पाकळ्या चिकटवायच्या, मध्ये दोन ओळी लिहायच्या. तेवढी दुपार मला कशाचीच भीती वाटत नाही.

पण काकूंनी बजावून ठेवलं होतं. "कार्डानं गिऱ्हाईक येतंय तोवर ठीक. कार्ड उलटलं तर पाडव्यापासून तू पुढं, काउंटरला."

त्या दिवसापासून कार्ड टाकलं की मी पोस्टाच्या पेटीला नमस्कार करायचो.

*

एका जुन्या गिऱ्हाइकाला पाकीट करून पाठवायचं होतं. सोबत भेट म्हणून झेंडूचं बी घातलं. पोस्टातल्या कारकुनानं पाकीट हलवलं. आत खुळखुळलं. त्यानं विचारलं, "काय हे?"

मी हातानं फूल उमलल्याची खूण केली.

"आरं, काय घातलंय यात?"

मी घामाघूम. माझा घाम पाहून त्याला घाम फुटला. त्यानं पाकीट दोन बोटांत धरून बाहेर नेलं, आग विझवायला ठेवलेल्या वाळूच्या बादलीत पुरलं आणि मला म्हणाला, "तू जा. मी काय पाह्यलं नाय."

त्या बादलीत लोक पान खाऊन थुंकतात. पाणी तेवढंच मिळालं असणार. पण झेंडू लई जोमानं आला!

*

आता कार्डाच्या कोपऱ्याचं. मोगऱ्याची कळी चिकटवायला मला तिरपी कड हवी होती, म्हणून कार्डाचा एक कोपरा कात्रीनं तिरपा कापला. दिसायला छान दिसत होतं.

कार्ड ज्या घरी गेलं, तिथल्या आजींनी कापलेला कोपरा पाहिला. पूर्वी कोणी गेल्याचं कळवायचं असलं की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे. आजींनी वाचायची वाट पाहिली नाही. हंबरडाच फोडला. सुना धावल्या, शेजारणी आल्या, चुलीवरचं उतरवलं गेलं. सगळ्यांच्या आंघोळी झाल्यावर नातवानं कार्ड वाचलं: आपला मोगरा आला आहे, लवकर न्यावा.

आजी स्वतः रिक्षानं आल्या. केस अजून ओले. मला समोर उभं केलं.

"मेल्या, मी तिन्ही भावांची नावं घेऊन रडले. तिघंबी जित्ते हायेत. आता त्यांना काय तोंड दाखवू?"

काकूंनी आजींना मोगरा फुकट दिला. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अजून एक उलटू दे. फक्त एक."

*

त्यानंतर मी प्रत्येक कार्ड तीनदा वाचायचो. कोपरे चारही शाबूत. मजकूर सरकारी पत्रासारखा, म्हणजे गैरसमज नको.

दौलताबादकडचे एक म्हातारे आबा त्यांच्या सीताफळाच्या काड्या कलम बांधायला देऊन गेले होते. मुलगा भागवतराव ते झाड तोडून तिथं गाडी लावायची म्हणत होता, म्हणून आबांनी घरी काही सांगितलं नव्हतं. पत्ता मात्र मुलाच्या नावाचा दिला. चाचांनी बांधलेल्या काड्यांना फुटवे आले तसं मी कार्ड लिहिलं: "आपल्या नावाची दोन कलमं लागली आहेत. तिसऱ्याचं लवकरच कळेल. स्वतः हजर राहावे." खाली जांभळ्या शाईत बटाट्याचा गोल शिक्का. त्याखाली काकूंचं नाव आणि पत्ता. नर्सरी हा शब्द शिक्क्याच्या शाईत झाकला गेला.

शुक्रवारी दुपारी भागवतराव आले, सोबत मेहुणा. दोघं पत्ता विचारत विचारत आलेले, नर्सरीला कोण्या मॅडमच्या बंगल्याची बाग समजलेले. काकू लग्नाला गेलेल्या, चाचा नमाजला. मी एकटा.

भागवतरावांच्या हातात कार्ड होतं. त्यांचं भावकीशी बांधावरून भांडण झालेलं, हे मला नंतर कळलं. त्यांनी मला हात जोडले. "मॅडम कुठंयत? कोणकोणती कलमं लागली, तेवढं तरी सांगा."

माझा घसा बंद.

मेहुणा त्यांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू आलं. "बोलंना झालाय दाजी. म्हंजे अजामीनपात्र असंल."

भागवतराव मटकन कुंड्यांमध्ये खाली बसले. बांधाचा दगड आपणच सरकवला, पण वीतभरच, असं पुटपुटायला लागले. मग छातीवर हात गेला. ओठ पांढरे पडले. मला वाटलं, हा माणूस माझ्या कार्डानं इथंच जातोय. मी तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा उघडलं.

"सीताफळ!"

इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून पाहायला लागला.

भागवतरावांनी वर पाहिलं. मेहुण्यानं मोठा श्वास सोडला आणि त्यांच्या काखेत हात घातला.

"उठा दाजी. सीताफळाला जामीन व्हतो."