आक्का वाचायला बसली की

माझी आत्या, म्हणजे सगळ्या कॉलनीची आक्का, वाचायला बसली की कुणाची दयामाया करत नसे. ऐकणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले की तिचा आवाज आणखीच कोरडा व्हायचा. "रडायचं असेल त्यांनी पोळपाट बाजूला सारा. पापड खारट होतात," असं म्हणून ती पुढचं वाक्य वाचायला घ्यायची.

सत्तरच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात सगळ्याजणी मिळून उडदाचे पापड लाटायच्या, आज हिच्या घरचे तर उद्या तिच्या. आक्काची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, तिला लाटणं धरवत नसे. म्हणून तिनं वाचायचं आणि तिच्या वाटणीचे पापड बाकीच्यांनी लाटायचे, असं ठरूनच गेलं होतं. प्राथमिक शाळेत शिकवण्यात जन्म घालवल्यामुळे तिचा आवाज गच्चीवरच्या पोरांनाही ऐकू जायचा.

गोष्ट रंगात आली की पुस्तक मिटायची तिला वाईट खोड होती. एकदा आई तापानं फणफणली होती. "वन्सं, शेवट तेवढा सांगा हो," म्हणून गयावया करायला लागली. आक्का म्हणाली, "मरायला टेकलीस तर सांगीन कानात. तोवर बरी हो." आई निव्वळ चिडून बरी झाली. अशा बाईवर माया करणं सोपं नव्हतं. मी करायची.

समोरच्या खोलीत सुमन राहायची. नवरा कंडक्टर, बऱ्याच रात्री मुक्कामाच्या गाडीवर. छबी ही त्याच्या पहिल्या, वारलेल्या बायकोची मुलगी, सहा वर्षांची. तिच्या दंडावर कधी चिमट्यांचे, कधी पट्टीचे वळ असायचे. ते सगळ्यांना दिसायचे आणि कुणी काही बोलायचं नाही. सुमन कामाला वाघ होती, गोड बोलायची, तिच्याशी वाकडं कोण घेणार? पापडाच्या दिवशी कॉलनीतली पोरं लाट्या पळवायची, तेलात बुडवून खायची. छबी मात्र हात मागे घेऊन सुमनच्या तोंडाकडे बघत उभी राहायची.

त्या वर्षी आक्कानं वाचनालयातून एक जाड कादंबरी आणली. "सुमनला ऐकू दे हे," ती मला म्हणाली. "शाळेत पेन्सिली चोरीला गेल्या की मी वर्गाला चोराची गोष्ट सांगायची. संध्याकाळपर्यंत पेन्सिल जागेवर यायची." मलाही ही युक्ती फार हुशारीची वाटली.

ती कादंबरी एक लहान मुलगी सांगत होती. तिला काही कळत नव्हतं आणि आम्हांला सगळं कळत होतं. पहिल्याच पानावर ती म्हणाली, 'आज सगळ्या बायकांनी आईला हळदकुंकू लावलं, तिची ओटी भरली. मला कुणी लाडू दिला नाही. आई इतक्या गडबडीत झोपली कशी?' लाटणी एकदम थांबली. सवाष्ण गेलेली होती आणि पोर लाडू मागत होती. त्यानंतर कुणाला घरी जाववेना. भात करपले, नवरे ओरडले, तरी दुसऱ्या दिवशी बाया ऊन चढायच्या आत पोळपाट घेऊन हजर.

मग गोष्टीत नवी आई आली. 'नवी आई मारते तेव्हा तिच्या बांगड्या वाजतात. काल एक फुटली म्हणून ती रडली. मी म्हटलं, मी आता पळणार नाही, म्हणजे तुझ्या बांगड्या फुटणार नाहीत.'

सगळ्यांत आधी हुंदका फुटला तो सुमनला. "लय हलकट बाई हाय ही, आक्का! जित्ती गाडली पायजे. लेकराचा जीव तो केवढा!" ती खरोखर रडत होती. त्यात ढोंग असतं तर बरं झालं असतं. छबी तिच्या शेजारीच, पापडांचं ताट धरून उभी होती.

आक्कानं पुस्तक मिटलं. तिचा संताप मला तिच्या मानेच्या ताणलेल्या शिरांत दिसला.

"छबी, इकडे ये. बाही वर कर. हे वळ कशाचे, सांग सगळ्यांना."

छबीनं सुमनकडे पाहिलं. "मी पडले."

"पडल्यावर असे वळ उठत नाहीत. खरं सांग."

"पडले ना!" पोरीचा आवाज चिरकला. "आईनं काई नाय केलं. माझ्या आईला रागवू नका."

सुमन उठली, छबीचं मनगट धरलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं. संध्याकाळी त्यांच्या घरात रेडिओ लागला, भजनांचा, एरवीपेक्षा कितीतरी मोठ्यानं. का, ते सगळ्यांना समजलं. आक्का दारावर थापा मारत राहिली, "सुमन, दार उघड, मला मार हवं तर!" बाकीच्या गॅलरीत उभ्या होत्या. रेडिओ बंद झाला तेव्हाच दार उघडलं. छबी भिंतीकडे तोंड करून निजली होती.

महिन्याभरात कंडक्टरनं कळवणला बदली करून घेतली आणि ती माणसं गेली. आक्कानं कादंबरी तशीच परत केली. शेवट काय झाला म्हणून बायकांनी विचारलं, तर म्हणाली, "मला नाही ठाऊक." दिवाळीत ती एकटीच फ्रॉक घेऊन कळवणच्या गाडीत बसली आणि संध्याकाळी फ्रॉक घेऊनच परत आली. "घर बंद होतं," म्हणाली.

ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी तिला पेज भरवत होते. चमचा हातानं बाजूला करून ती म्हणाली, "घर बंद नव्हतं गं. छबीनंच दार उघडलं होतं."

"मग?"

"फ्रॉक बघितला तिनं. हातसुद्धा लावला. मग आत वळून बघितलं आणि हळूच म्हणाली, 'आक्का, तुम्ही येत नका जाऊ. तुम्ही माझ्यासाठी बोलल्या का मला जास्ती मार पडतो.'"